४७ अंशांची गाडी उणे १० मध्ये नेताना

हिंगणघाट, वडकी, पांढरकवडा या गावांना खेटून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ उत्तरेकडे धरून ठेवला, की तो नागपूर, झाशी, दिल्ली, जम्मू करत थेट श्रीनगरला नेऊन सोडतो. सोयाबीन विकून झालेलं असतं, तूर अजून शेतात उभी असते. तेवढ्या फटीत गावातल्या बोलेरो-अर्टिगा आता सर्रास त्या बाजूला निघतात, कुणी सोनमर्गला, कुणी फाटा बदलून मनालीला. तयारी म्हणजे स्वेटर, डबाभर चिवडा आणि आदल्या दिवशी गाडीची सर्व्हिसिंग. ही सर्व्हिसिंग इथल्या हवेच्या हिशेबानं होते, आणि अडचण तिथूनच सुरू होते.

आपल्याकडची गाडी वर्षानुवर्षं उन्हाळ्यासाठी जुळवून घेतलेली असते. जे तापतं ते काढून टाकायचं, जे लागत नाही ते बंद करून ठेवायचं. हिमालयातली थंडी गाडीत नवे बिघाड फारसे करत नाही. आपल्या मे महिन्यानं करून ठेवलेले ती बाहेर काढते. म्हणून तपासणी निघायच्या आदल्या दिवशी नको, किमान पंधरा दिवस आधी करा. सुटा भाग मागवायला तेवढे दिवस लागतातच.

सगळ्यात आधी रेडिएटर. उन्हाळ्यात पाणी कमी झालं की रस्त्यातल्या हातपंपाचं, शेतातल्या बोअरचं जे मिळेल ते ओतलं जातं. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातलं पाणी असेल तर आत क्षारांचा थर बसतो तो वेगळाच. दोन उन्हाळे असं चाललं की डब्यातलं कूलंट फक्त रंगापुरतं उरतं. हिरवा किंवा लाल रंग दिसतो म्हणून ते गोठणार नाही, असं समजू नका. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि बंद जागेत फुगलेला बर्फ रेडिएटरच्या नळ्या फाडतो, इंजिनाच्या ब्लॉकला तडा देतो. कॉन्सन्ट्रेट कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर मिश्रण उणे ३७ च्या आसपास गोठतं. कूलंट एक भाग आणि पाणी दोन भाग असेल तर उणे १८ च्या जवळपासच. उलट, नुसतं कॉन्सन्ट्रेट भरलं तर जास्त चांगलं, हाही गैरसमज आहे. कूलंटमधलं मुख्य द्रव्य म्हणजे ग्लायकॉल, आणि ते शुद्ध असेल तर उणे १३ च्या सुमारास गोठतं, शिवाय ते उष्णताही कमी वाहून नेतं.

भरताना एक चूक हमखास होते. खालचा पाइप काढून रेडिएटर रिकामा केला तरी ब्लॉकमध्ये आणि हीटरच्या नळ्यांत दीड-दोन लिटर पाणी उरतंच. वरून तयार मिश्रण ओतलं की ते आणखी पातळ होतं. म्हणून असं करा: आधी बॅटरीत टाकायच्या डिस्टिल्ड पाण्यानं दोनदा धुऊन काढा, मग गाडीच्या पुस्तकात कूलिंग सिस्टिमची एकूण क्षमता बघा. समजा ती ६ लिटर आहे, तर आधी ३ लिटर कॉन्सन्ट्रेट ओता आणि उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्यानं भरा. डबा घेताना तो कॉन्सन्ट्रेटचा आहे की पाणी मिसळून तयार, हे वाचून घ्या. नंतर हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालवा, म्हणजे अडकलेली हवा निघेल आणि पातळी खाली जाईल. गाडी थंड झाल्यावर पुन्हा भरा.

कूलंट किती थंडीत गोठेल ते सांगणारा टेस्टर नसेल तर घरच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा कामी येतो. तो साधारण उणे १८ वर असतो. चार चमचे कूलंट प्लास्टिकच्या झाकणात काढून रात्रभर आत ठेवा. सकाळी तसंच वाहतं असेल तर ठीक, भुसभुशीत बर्फ झाला असेल तर पाणी जास्त आहे. झाकण नंतर फेकून द्या आणि रात्री घरातल्यांना सांगून ठेवा. हे गोडसर लागणारं विष आहे, पोरांच्या किंवा कुत्र्याच्या तोंडाला लागता कामा नये.

त्याच्याच शेजारी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. उन्हाळ्यात इंजिन तापायला लागलं की गावातला मिस्त्री पहिला इलाज हाच सांगतो: "काढून टाकू ना भाऊ, पाणी मोकळं फिरन." व्हॉल्व्ह निघतो, गाडी चालत राहते, मालक विसरून जातो. बर्फात ही गाडी कितीही चालवा, इंजिन पुरेसं गरम होत नाही. डिझेल जास्त जळतं, हीटरमधून कोमट वारा येतो आणि काचेवरची वाफ हटत नाही. तपासायला हात पुरेसा आहे. सकाळी गार इंजिन चालू करून रेडिएटरच्या वरच्या रबरी पाइपवर, पंख्यापासून जपून, तळवा ठेवा. व्हॉल्व्ह जागेवर असेल तर पाइप बराच वेळ गारच राहतो आणि इंजिनातलं पाणी ८०-८५ अंशांना पोचलं की एकदम चटका बसण्याइतका तापतो. सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला तर व्हॉल्व्ह काढलेला आहे किंवा उघडा अडकलाय. नवा टाका. हीटरचंही तसंच. हीटर कोअर, म्हणजे आतली हवा गरम करणारी छोटी जाळी, गळायला लागला की त्याच्या दोन नळ्या एकमेकींना जोडून तो बाजूला टाकलेला असतो. आपल्याकडे दहा वर्षं कुणाला पत्ता लागत नाही. दहा मिनिटं गाडी चालवल्यावर ब्लोअरमधून खरंच गरम हवा येते का, ते चिखलदऱ्यापर्यंत एक सकाळची चक्कर मारून बघा.

आता डिझेल. डिसेंबरात खोबरेल तेलाची बाटली शेकोटीजवळ धरावी लागते, तसंच डिझेलचं होतं. त्यात मेणाचा अंश असतो. थंडीत आधी ते गढूळ होतं, मग मेणाचे बारीक कण फिल्टरच्या कागदावर बसतात आणि शेवटी डिझेल थिजतं. भारतीय मानकात साध्या डिझेलचा पोअर पॉइंट, म्हणजे ते वाहायचं थांबण्याच्या जवळचं तापमान, हिवाळ्यात जास्तीत जास्त ३ अंश आणि उन्हाळ्यात १५ अंश धरलेला आहे. म्हणजे खाली मैदानात भरलेली टाकी घेऊन वर जाऊन रात्रभर गाडी उभी केली तर काय होईल, हे सांगायला नको. अशा वेळी गाडी सकाळी चालू होते, दोन-चार मिनिटं चालते आणि बंद पडते. पाइपमधलं डिझेल संपेपर्यंत ती चाललेली असते, पुढे फिल्टर तुंबलेला असतो. लोक बॅटरीला दोष देत सेल्फ मारत बसतात आणि मग बॅटरीही बसते.

उपाय आधीच करायचा असतो. पंजाब ओलांडून डोंगराच्या पायथ्याशी पोचताना टाकी पावच्या आसपास असू द्या. तिथून पुढे जसजसं वर जाल तसतसं तिथल्याच पंपावर भरा, आणि वर गेल्यावर मात्र अर्ध्याखाली येऊ देऊ नका. इंडियन ऑइलनं नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाख, कारगिल, काझा, केलाँग अशा भागांसाठी खास हिवाळी डिझेल आणलं. त्याचा पोअर पॉइंट उणे ३३ आहे. ते जिथे मिळेल तिथे तेच घ्या. निघण्याआधी डिझेल फिल्टर नवा टाका, आणि त्याच्या तळाशी साठणारं पाणी सोडायचा स्क्रू कुठे आहे ते मिस्त्रीकडून डोळ्यांनी बघून घ्या. त्या पाण्याचा बर्फ झाला तरी परिणाम तोच. डिझेलमध्ये रॉकेल मिसळायचा जुना ट्रकवाल्यांचा उपाय आजच्या कॉमन रेल गाडीत करू नका. रॉकेलला वंगण कमी असतं, आणि हाय प्रेशर पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो. पेट्रोल गाडीवाल्यांना ही कटकट नाही. त्यांनी हा भाग सोडून बॅटरीकडे जावं.

पण त्याआधी डिझेलवाल्यांसाठी हीटर प्लग, म्हणजे गार इंजिन पेट घ्यावं म्हणून सिलिंडर आतून तापवणारा प्लग. प्रत्येक सिलिंडरला एक असतो. किल्ली फिरवल्यावर मीटरवर वेटोळ्याची पिवळी खूण उजळते, ती याचीच. आपल्याकडे ३० अंशांत इंजिन त्याच्याशिवायही पेट घेतं, त्यामुळे चारातले दोन मेलेले असले तरी कुणाच्या लक्षात येत नाही. उणे १० मध्ये हीच गाडी ढगभर पांढरा धूर सोडत हादरत राहते, नाहीतर चालूच होत नाही. प्लगवरची जोडणी काढून मल्टिमीटरची एक तार प्लगच्या टोकाला आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावा. चांगला प्लग साधारण एक ओहम किंवा त्याहून कमी दाखवतो. काटा हललाच नाही तर प्लग गेला. नव्या गाड्यांतले काही प्लग चार-पाच व्होल्टवर चालणारे असतात. त्यांना थेट बॅटरी लावून लाल होतो का, हे बघायला जाऊ नका, जळतील. काढताना इंजिन गरम असावं आणि आदल्या रात्री भोवती गंज सोडवणारं तेल सोडलेलं असावं. वर्षानुवर्षं न हललेला प्लग जोरानं फिरवला तर हेडमध्येच तुटतो, आणि मग हेड उतरवण्यावर काम जातं.

बॅटरीचं आयुष्य थंडीपेक्षा उन्हाळा जास्त खातो. थंडीत फक्त ते कळून येतं. उणे १८ ला लेड-अॅसिड बॅटरी निम्म्याच्या आसपास ताकद देते आणि त्याच वेळी घट्ट झालेलं ऑइल सेल्फकडून जास्त ताकद मागतं. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी १२.६ व्होल्ट हवेत. १२.२ असेल तर ती अर्धी आहे. सेल्फ मारताना व्होल्टेज १० च्या बरंच खाली कोसळत असेल तर तीच बॅटरी घेऊन जाऊ नका. पूर्ण चार्ज बॅटरी आपल्या देशातल्या कुठल्याही रस्त्यावर गोठायची नाही, पण उतरलेलीतलं अॅसिड जवळजवळ पाणीच झालेलं असतं आणि ते उणे १० च्या सुमारास गोठतं. बाजू फुगलेली दिसली तर तिला दुसऱ्या गाडीची केबल लावू नका, फुटू शकते.

ऑइलबद्दल थोडक्यात. डब्यावर डब्ल्यूच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ते थंडीत पातळ राहतं. २०डब्ल्यू ऑइलची थंडीतली चाचणी उणे १५ ला, १५डब्ल्यूची उणे २० ला आणि ५डब्ल्यूची उणे ३० ला होते. कंपनीच्या पुस्तकात ५डब्ल्यू-३० चालतं असं लिहिलं असेल तर ते टाका. जुन्या इंजिनात १५डब्ल्यू-४० असेल आणि मुक्काम मनालीचाच असेल तर बदलायची गरज नाही.

टायर बघताना नक्षीच्या खोलीइतकंच वय बघा. बाजूवर चार आकडे असतात, ३२२१ म्हणजे २०२१ सालचा बत्तिसावा आठवडा. आपल्या उन्हात चार-पाच वर्षं तापलेलं रबर बोटाच्या नखानं दाबलं तरी दबत नाही. ते बर्फावर लाकडासारखं घसरतं. कायद्यानं १.६ मिलिमीटर खोली चालते. बर्फासाठी ४ च्या खाली गेलेले टायर घेऊन निघू नका. हवेचा हिशेब मजेशीर आहे. घरी ३० अंशांत ३३ पीएसआय भरली, तर ५ अंशांच्या पंजाबात सकाळी मीटर २९ च्या आसपास दाखवेल. तिथे घाईनं भरून घेतली की वर बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो आणि मीटर पुन्हा चढतं. घरून भरलेली तीच ३३ ची हवा ३,००० मीटरवर उणे १० मध्ये ३१ च्या जवळपास भरते, म्हणजे थंडीनं नेलेलं बरंचसं उंचीनं परत दिलेलं असतं. म्हणून मीटर स्वतःजवळ ठेवा, मुक्कामाच्या ठिकाणी सकाळी गार टायरवर मोजा आणि तिथेच काय ते ठरवा. हवा कमी केल्यानं बर्फात पकड वाढते, हे रेतीत खरं आहे. घाटातल्या बर्फात तो खेळ नको.

चेन, म्हणजे बर्फात पकडीसाठी टायरवर बांधायची साखळ्यांची जाळी. बर्फ पडलेल्या दिवशी मनालीजवळच्या सोलंगच्या पुढे पोलीस फोर बाय फोर किंवा चेनवाल्या गाड्याच सोडतात, त्यामुळे ती लागणारच असं धरून चला. भाड्यानं मिळते, पण मापाची मिळेलच असं नाही. टायरच्या बाजूवरचं पूर्ण माप, उदाहरणार्थ बोलेरोचं २१५/७५ आर १५, सांगून घरूनच घेऊन जा. चेन इंजिन ज्या चाकांना फिरवतं त्यांना लागते. अर्टिगा, स्विफ्टला पुढे, बोलेरोला मागे. बोलेरोच्या पुढच्या चाकांना चेन लावून चढ न चढणारे भाऊ दर हिवाळ्यात दिसतात.

सराव अंगणात करा, कोरड्या जमिनीवर, एकदा उजेडात आणि एकदा हातमोजे घालून अंधारात. चेन आधी जमिनीवर पसरून पीळ काढा. दुव्यांची उघडी टोकं बाहेरच्या बाजूला हवीत, टायरकडे आली तर टायर कापतं. मग चेन चाकामागून सरकवून वर घ्या आणि आतल्या बाजूचा हुक आधी लावा. तो हाताला दिसत नाही, फक्त लागतो, सराव हवा तो त्याचाच. नंतर जाळी टायरवर सारखी पसरून बाहेरचा हुक लावा आणि ताणाची साखळी ओढून अडकवा. जॅकची गरज नाही, गाडी अर्धं चाक पुढे घेतली की दबलेला भाग मोकळा होतो. सगळ्यात जास्त राहून जाणारी गोष्ट म्हणजे ५०-१०० मीटर चालवून थांबणं आणि पुन्हा ताणणं. पहिल्या फेऱ्यांत चेन बसते आणि सैल होते. सैल चेन चाकाच्या कमानीवर आपटते, ब्रेकची नळी तोडू शकते. वेग ३० च्या आत. डांबर दिसायला लागलं की काढा, उघड्या रस्त्यावर चेन काही किलोमीटरमध्ये तुटते.

रोहतांग ३,९७८ मीटर आणि बारालाचा ४,८९० मीटर हिवाळ्यात बंदच असतात, ३,५२८ मीटरच्या जोजिलाचा भरवसा नसतो. तुम्ही प्रत्यक्षात पोचता ते बोगद्यांमुळे. अटल बोगदा ९.०२ किलोमीटरचा, ऑक्टोबर २०२० मध्ये खुला झालेला. सोनमर्गचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा जानेवारी २०२५ मधला. बोगद्यात रस्ता सुका, गार पण सरळ. त्याच्या तोंडाबाहेर सावलीत काचेसारखा बर्फ असू शकतो, आणि आतला वेग तसाच बाहेर येतो. तोंड दिसायला लागलं की आतच गिअर खाली घ्या.

गोठलेला रस्ता कसा वाटतो, याची आपल्याकडे सगळ्यात जवळची तुलना म्हणजे गावाबाहेर डांबरावर वाळत घातलेलं सोयाबीन. त्यावर दुचाकीचा ब्रेक दाबल्यावर जे होतं, तेच चारचाकीचं इथे होतं. ताशी ४० च्या वेगात सुक्या डांबरावर पूर्ण ब्रेक लागल्यावर गाडी साधारण ९ मीटरमध्ये थांबते. बर्फाच्या काचेवर ६० मीटरच्या पुढे जाते. फोर बाय फोरचा यात काहीच उपयोग नाही. गाडी दुसऱ्या गिअरवर उठवा, रेस बोटानं दिल्यासारखी हलकी द्या. उतारावर चढताना लागला असता तोच गिअर. काळ्या मातीत आषाढात फसलेल्या गाडीला रेस दिली की चाक जागीच फिरून खड्डा करतं, हे आपल्याला ठाऊक असतं. बर्फात तेच आहे. आणि चाकाखाली द्यायला तुरीची दोन रिकामी पोती, एका डब्यात चुलीची राख, एवढं घरचंच सामान उत्तम चालतं. दोराऐवजी मात्र गाडी ओढायचा पट्टाच घ्या, बैलबंडीचा दोर पहिल्या झटक्यात जातो. घाट सकाळी १० नंतर आणि दुपारी ३ च्या आत ओलांडा. त्या वेळेच्या आधी-नंतर वितळलेलं पाणी गोठलेलं असतं.

काच धुवायच्या टाकीतलं साधं पाणी निघताना रिकामं करा आणि थंडीचं फ्लुइड भरा. वायपरचं रबर उन्हानं वाळलेलं असतं, नवं घ्या. बर्फ धरलेल्या काचेवर गरम पाणी ओतू नका, तडकते. वाफ काढायला हीटरबरोबर एसीही चालू ठेवा आणि बाहेरची हवा आत घ्या. रात्री गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाखाली दगड लावा, हँडब्रेक ओढू नका. ओले ब्रेक लायनर ड्रमला चिकटून गोठतात आणि सकाळी मागची चाकं ओढत जातात.

रस्ता अडला आणि गाडीतच रात्र काढायची वेळ आली, तर सायलेन्सरचं तोंड बर्फात बुजलेलं नाही ना, हे दर अर्ध्या तासानं उतरून बघावं लागतं. इंजिन तासातून दहा मिनिटं, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच दोन बोटं उघडी. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी इथे बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून जास्त माणसं गेली. थंडीबरोबर गाडीत कोंडलेल्या विषारी वायूचाही त्यात हात होता. आपल्याला शेकोटीची सवय, म्हणून मुद्दाम सांगतो: बंद गाडीत किंवा हॉटेलच्या बंद खोलीत शेगडी ठेवून झोपायचं नाही. गाडीतली ब्लँकेटं डिकीत नकोत, सीटवर हवीत. रात्रीतून डिकीचं कुलूपही गोठतं.

परत आल्यावर चेन गोड्या पाण्यानं धुऊन, उन्हात वाळवून, जुन्या ऑइलचा हात फिरवून पोत्यात बांधा. कूलंट बदलायचं नाही, निम्मं-निम्मं मिश्रण उन्हाळ्यातही पाण्यापेक्षा उशिरा उकळतं. थर्मोस्टॅटही जागेवरच राहू द्या. मे महिन्यात गाडी तापली तर मिस्त्रीला व्हॉल्व्ह सोडून रेडिएटरची जाळी, पंखा आणि झाकण तपासायला सांगा. आणि वर हवा भरून घेतली असेल तर पहिल्या सकाळीच मोजा, जास्त निघाली तर कमी करा.